चाल कोणाची, गाणे कोणाचे?

‘स्वतंत्र संगीत’ हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून वारंवार भेटतो. चित्रपटाच्या किंवा मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या आश्रयाशिवाय जो स्वतःचे गाणे स्वतः करतो आणि स्वतःच ते लोकांपुढे ठेवतो तो स्वतंत्र कलावंत, अशी या शब्दाची व्याख्या केली जाते. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत असे कलावंत आज गल्लोगल्ली आहेत. एकेक सुटे गाणे निघते, त्याला ‘सिंगल’ म्हणतात. पाच-दहा गाण्यांचा ‘अल्बम’ निघतो. कोणी रॅप करतो, कोणी गिटारवर गातो, कोणी संगणकावर नाचाचा ठेका रचतो. पुरवण्यांतील समीक्षक त्यांचे कौतुक करतात. त्या कौतुकाला माझी हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे : स्वतंत्र म्हणजे कोणापासून स्वतंत्र? आणि स्वतंत्र होऊन बांधिलकी कोणाशी?

हा प्रश्न मला ग्रंथातून सुचलेला नाही. मी घाटकोपरच्या वस्तीत वाढलो आणि तिथल्याच मुलांना शिकवतो. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याचे आजोबा दिवसा शहराचे रस्ते झाडीत आणि रात्री जलशात गात. ते गेले तेव्हा मागे गाण्यांची एक वही राहिली. या मुलाने दोन मित्रांना बरोबर घेतले, पोटमाळ्याच्या भिंतींना गाद्या टेकवल्या, उसना माईक आणला आणि वहीतले एक गाणे ध्वनिमुद्रित करून जयंतीच्या आधी यूट्यूबवर टाकले. पाचव्या दिवशी त्याला सूचना आली की, या गाण्याची चाल एका कंपनीच्या मालकीची आहे आणि गाण्याची जी काही कमाई होईल ती त्या कंपनीकडे जाईल. आजोबांनी ते गाणे त्या काळच्या एका चित्रपटगीताच्या चालीवर बांधले होते. यंत्राने चाल ओळखली. शब्द ओळखण्याची त्याला गरजच नव्हती. मुलगा मला म्हणाला, “सर, शब्द आजोबांचे, गळा माझा, दुःख आपल्या वस्तीचं. मग गाणं दुसऱ्याचं कसं?”

त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते राहून गेलेले उत्तर येथे मांडतो आहे.

भीमगीताला चित्रपटाची चाल असते म्हणून पांढरपेशा रसिकांनी नेहमीच नाक मुरडले. चाल उसनी, तेव्हा यात कला ती कोणती, असे विचारणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्यांना मी उलट विचारतो : ज्याच्या घरी वाद्य नाही, ज्याला संगीताच्या वर्गाचा उंबरठा ओलांडू दिला नाही, रेडिओने ज्याला बोलावले नाही, त्याने एका रात्रीत हजार माणसांच्या तोंडी आपला विचार कसा घालावा? चाल लोकांना आधीच पाठ होती. त्यावर नवे शब्द बसवले की एकदा ऐकून माणूस ते घरी घेऊन जाई. चाल म्हणजे रहदारीचा रस्ता होता. त्या रस्त्यावरून आमचा मोर्चा गेला. रस्ता कोणी बांधला हे विचारत बसण्याइतकी सवड मोर्च्याला नसते.

हे काम नवे नव्हते. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात भटशाहीची झडती घेतली. भीमराव कर्डकांनी १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला, तोही त्याच साच्यातून, पण आतला आशय पालटून. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत आजही सांगितले जातात. पुढे वामनदादा आले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेला, शाळेत न गेलेला, मोठेपणी अक्षरे गिरवलेला हा माणूस २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात राहिला. त्याला कंपनी नव्हती, व्यवस्थापक नव्हता. गाण्यांच्या छोट्या पुस्तिका छापायच्या आणि सभेच्या कडेला विकायच्या, हाच आमच्या शाहिरांचा अल्बम. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर अशा पुस्तिकांच्या ओळी मांडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ‘स्वतंत्र संगीत’ ही नवलाई वाटण्याचे कारण नाही. आणि उपनगरांपुरते बोलायचे तर १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांच्या सोबतीने लाल बावटा कलापथक उभे करणारे अण्णा भाऊ साठे याच घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. तेथील झोपडीत बसून ज्याने मुंबईवर गाणी रचली त्याला स्वतंत्र कलावंत म्हणण्याची तसदी कोणत्याही पुरवणीने घेतली नव्हती.

मग १९८० नंतर कॅसेट आली. कॅसेटने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही लक्षात ठेवल्या पाहिजेत. तिने आमचा आवाज घराघरांत पोचवला. प्रल्हाद शिंदे यांचा गळा देवळाच्या कर्ण्यावर विठ्ठल गात होता आणि वस्तीत भीमराव गात होता. एकाच गळ्याने दोन्ही महाराष्ट्र व्यापले, पण देवळातल्या माणसाने त्या गळ्याची जात विचारली नाही, कारण कॅसेटला स्पर्श होत नाही. ही झाली एक बाजू. दुसरी अशी की, गीतकाराने एकरकमी पैसे घ्यावेत, कागदावर सही करावी आणि हक्क सोडावा हा रिवाज पडला. कित्येक कॅसेटांच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र आहे, कंपनीची मुद्रा आहे. लिहिणाऱ्याचे नाव शोधावे लागते. अंगठ्यावर जमीन गेली तशी सहीवर गाणी गेली.

आणि ज्यांनी सहीही केली नाही त्यांचे काय झाले? येथे मला विलास घोगरे यांचे नाव घेतले पाहिजे. ते मुलुंडच्या झोपडपट्टीत राहत. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘बॉम्बे : अवर सिटी’ या माहितीपटात झोपडी तोडली जाणाऱ्या माणसाचे दुःख त्यांनी गाइले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. त्यानंतर १५ जुलैला घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या या शाहिराने जाताना डोक्याला निळे कापड बांधले होते. पटवर्धनांनी पुढे १४ वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला. तो २०११ साली आला. आज मला घोगरे यांचा आवाज ऐकायचा झाला तर हे माहितीपटच लावावे लागतात. ज्याची चाल स्वतःची, शब्द स्वतःचे आणि मरणही स्वतःचे, त्याचा आवाज दुसऱ्याच्या कॅमेऱ्यामुळे उरला. पटवर्धनांचे ऋण मी मान्य करतो. पण आमच्याच वस्तीत कोणाकडे त्याचा आवाज जपलेला नसावा, ही बोच त्या ऋणाने जात नाही.

या पार्श्वभूमीवर आजची नवी गाणी ऐकली पाहिजेत.

अंधेरीच्या जे. बी. नगरातून आलेल्या डिव्हाइनने २०१३ साली ‘ये मेरा बॉम्बे’ हे गाणे काढले. गल्लीत जी हिंदी बोलली जाते तीच, लाज न बाळगता, त्याने माईकवर आणली. हे मोठे काम होते. आपल्या साहित्यिकांनी वस्तीची बोली छापील पानावर आणली तेव्हा मराठी वाचक असाच दचकला होता. दोन वर्षांनी कुर्ल्याच्या नेझीबरोबरचे ‘मेरे गली में’ आले, मोठी कंपनी आली, आणि २०१९ साली ‘गली बॉय’ हा चित्रपट आला. त्या चित्रपटात गल्ली आली, पण जात आली नाही. २०१६ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून ‘आझादी’ची जी घोषणा देशभर गेली तिच्यात मनुवादापासून आणि ब्राह्मणवादापासूनही मुक्ती मागितली होती. चित्रपटातील ‘आझादी’ या गाण्यात गरिबी राहिली आणि मनुवाद गळाला. गरिबीवर टाळ्या पडतात, कारण ऐकणाऱ्याला तिचा दोष लागत नाही. जातीचे नाव घेतले की ऐकणाऱ्याला आपल्या आडनावाकडे पाहावे लागते. स्वतंत्र गाणे बाजारात शिरले की सर्वप्रथम काय गळते, याचा हा वस्तुपाठ आहे.

याच वर्षी, २०१९ मध्ये, ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाचे ‘द वारली रिव्होल्ट’ आले. आरे वसाहतीतील केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गातात आणि शहरातली पोरे त्यांच्या आगेमागे रॅप करतात. दलित साहित्याने सहानुभूती आणि स्वानुभव यांतला जो भेद मांडला तो या गाण्यात कानांनी कळतो. ज्याची जमीन जाणार आहे तोच गातो आहे. त्याच्या वतीने दुसरा कोणी उसासे टाकत नाही. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाशी हे गाणे नाव जोडते, म्हणजे त्याला आपली वंशावळ ठाऊक आहे. माझी तक्रार नावापुरती आहे. गाणे पाड्यावरचे आणि नाव इंग्रजी, तर ते नाव कोणाला हाक मारते? तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईत निघालेल्या सुट्या गाण्यांत मी याला अग्रस्थान देईन. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेतील झाडे तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली तोवर २,००० हून अधिक झाडे पडली होती. गाण्याने झाडे वाचली नाहीत. गाण्याने साक्ष ठेवली. त्या गटातला ‘तोडफोड’ म्हणजे धर्मेश परमार २०२२ च्या मार्चमध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेला. त्याचा आवाज निदान त्याच्या स्वतःच्या गाण्यांत उरला आहे. घोगरे यांच्या पिढीपासून एवढा तरी पल्ला गाठला गेला.

नाचाच्या संगीताचेही उदाहरण घेऊ. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ परदेशी कंपनीने काढले आणि मराठी शब्दांवर दूरदेशीची माणसे नाचली. ठेका पक्का आहे, उच्चार ठसठशीत आहे. मराठीला लाज वाटावी असे त्यात काही नाही. पण ‘चामडी’ हा शब्द माझ्या कानावर पडतो तेव्हा मला ढोर सोलणारे हात आठवतात, चामड्याचा वास आठवतो आणि त्या वासापायी शाळेत वेगळे बसवलेले पोर आठवते. गाणाऱ्यांच्या मनात हे नसेल. नसण्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मात्र शब्दाला इतिहास असतो, आणि तो विसरण्याची मोकळीक सगळ्यांना सारखी मिळालेली नसते, एवढे समीक्षेने नोंदवलेच पाहिजे.

स्वातंत्र्याची खरी परीक्षा मात्र ठेक्यात होत नाही, पोलीस ठाण्यात होते. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २०१३ साली विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. शीतल तेव्हा गरोदर होती. सचिनला जामीन मिळायला २०१७ साल उजाडले. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर राजकीय रॅप गाण्यांसाठी गुन्हे नोंदवले गेले. खाडेच्या गाण्याचे नाव ‘भोंगळी केली जनता’. त्याची रचना ओबडधोबड आहे, यमके कोठे कोठे ओढून आणलेली आहेत. परंतु सत्तेला ते झोंबले. सत्तेला कोणते गाणे झोंबते हा कलेचा एकमेव निकष नव्हे, हे मला मान्य आहे. ज्या स्वतंत्र संगीताला आजवर कोणीच अडवले नाही त्याने मात्र आपले स्वातंत्र्य एकदा तपासून पाहावे.

परकीयांवर आसूड ओढून झाल्यावर आपल्या घरातही डोकावले पाहिजे. जयंतीच्या महिन्यात निघणारी आपली बहुसंख्य नवी गाणी मी दरवर्षी ऐकतो. त्यांत गाडी आहे, गॉगल आहे, ‘आमच्या नादी लागू नका’ अशी धमकी आहे, आणि बाबासाहेबांचे नाव आहे. बाबासाहेबांचा विचार शोधावा लागतो. गटारात गुदमरून मरणारा कामगार त्यांत नाही. वसतिगृहात आडनावावरून छळली जाणारी मुलगी नाही. झोपु इमारतीच्या अठराव्या मजल्यावर बंद लिफ्टपुढे बसून राहिलेली म्हातारी नाही. डी.जे.च्या भिंतीपुढे शब्द ऐकूच येत नाहीत, म्हणून कोणी शब्दांची काळजी घेत नाही. वामनदादांच्या चाली उसन्या होत्या, विचार स्वतःचा होता. आज चाल स्वतःची आणि विचार उसना असा उलटा व्यवहार झाला तर आपण काय मिळवले?

आणि स्त्रिया कोठे आहेत? ‘भीमाची पोरे’ गर्जतात, पोरी क्वचित दिसतात. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर दारोदार गात होत्या. कोणाच्या तरी मोबाइलने त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला. त्या गळ्यात जो कस आहे तो कोणत्याही यंत्राने आणता येणार नाही. महादेव कोळी समाजातील माही जी ‘जंगलचा राजा’ घेऊन रॅपमध्ये उतरली. ही नावे बोटांवर मोजावी लागतात, हे आपले अपयश आहे, त्यांचे नव्हे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. कायदा त्याच्या बाजूने अर्धाच आहे. चालीवर हक्क कंपनीचा असेल; शब्दांवर हक्क त्याच्या आजोबांचा आणि म्हणून वारसांचाच. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो राहतो आणि त्यासाठी कोठे नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा मोबदल्यातला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. किती शाहिरांना हे ठाऊक आहे? आपल्या चळवळीने आरक्षणाचा कायदा घरोघरी पोचवला, गाण्याचा कायदा पोचवला नाही.

कायदा कळला तरी पैसा मिळेल असा भ्रम नको. यूट्यूब जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देण्यापूर्वी एक हजार वर्गणीदार आणि वर्षाला चार हजार तासांचे प्रेक्षण मागते. स्पॉटिफायने २०२४ पासून, बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला देणेच बंद केले. पोटमाळ्यावरचे गाणे या मोजमापात बसत नाही. तमिळ कवी-गायक अरिवू याचे ‘एन्जॉय एन्जामी’ २०२१ साली जगभर वाजले. त्यात त्याच्या भूमिहीन पूर्वजांची, मळ्यात राबलेल्या आजीची कथा आहे. त्याच वर्षी एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याचा गौरव झाला आणि अरिवू तेथे नव्हता. पुढे २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर केले की, त्या गाण्यातून आपल्यापैकी कोणालाही एक पैसा मिळालेला नाही. हे गाणे चित्रपटाचे नव्हते. ‘स्वतंत्र’ म्हणूनच निघाले होते. जुन्या सावकाराच्या दारात जाऊन भांडता तरी येई. नव्या सावकाराला दार नाही.

म्हणून माझ्या मते स्वतंत्र गाण्याच्या तीन खुणा आहेत. चाल आपली असावी, म्हणजे कोणाच्या यंत्राला तिच्यावर बोट ठेवता येणार नाही. नाव आपले असावे. लिहिणाऱ्याचे, वाजवणाऱ्याचे, सगळ्यांचे, दर कार्यक्रमात मोठ्याने उच्चारलेले. आणि ज्यांचे दुःख गाण्यात घेतले त्यांच्यापुढे उभे राहून ते गाता यावे. पहिल्या दोन खुणा कायद्याने आणि कष्टाने साधतील. तिसरी फक्त वस्ती देऊ शकते. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी उद्यापासून करण्याचे एक साधे काम आहे. आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या शाहिराकडे मोबाइल घेऊन जा. त्याचे गाणे मुद्रित करा, वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, तारीख लिहा, नाव लिहा. यासाठी निधी लागत नाही, अनुदान लागत नाही.

त्या मुलाने पुढच्या वर्षी आजोबांच्या त्याच शब्दांना स्वतःची चाल लावली. ढोलकी ठेवली, खाली संगणकाचा ठेका घातला. यावेळी सूचना आली नाही. जयंतीच्या आदल्या रात्री त्याने ते वस्तीतल्या बुद्धविहारासमोर गाइले. पोरांनी उचलून धरले. पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या वयाच्या बाया मात्र गप्प होत्या. गाणे संपल्यावर त्यांतली एक म्हणाली, “बाळा, चांगलं म्हटलंस. पण ती चाल न्हवं ही.” आणि तिने तेथेच, माईकशिवाय, जुन्या चालीवर पहिले कडवे म्हणायला सुरुवात केली. बाकीच्या बायांनी साथ धरली. मुलगा मान खाली घालून ढोलकीवर त्यांना ठेका देत राहिला.

ते कोणी मुद्रित केले नाही. माझा मोबाइल माझ्या खिशात होता.